कंसातलं वाक्य

ताई, नमस्कार.

मी एका मोठ्या सेवा विभागात डेटा अ‍ॅनालिस्ट आहे. आमच्याकडे यंत्रदुरुस्तीच्या तक्रारी येतात आणि त्या तंत्रज्ञांना वाटून दिल्या जातात. चार महिने खपून मी एक डॅशबोर्ड, म्हणजे तक्रारींचे आकडे स्क्रीनवर दाखवणारं पान, तयार केला. त्यात २७ चार्ट आहेत, १४ फिल्टर आहेत, हवं ते निवडून बघता येतं. सादरीकरणाच्या दिवशी सगळ्यांनी कौतुक केलं. आता दोन महिने झाले, माझ्याशिवाय तो कोणी उघडत नाही. (आमचे शिफ्ट सुपरवायझर तर अजून रोज सकाळी जुनीच एक्सेल फाइल मागवतात आणि त्यातल्या काही ओळी हाताने पिवळ्या करत बसतात.) विभागप्रमुख म्हणतात, अजून थोडे चार्ट घाल, म्हणजे सगळं एकाच ठिकाणी मिळेल. मित्र म्हणतो, टूल बदल. मला वाटतं, सगळ्यांना सक्तीचं प्रशिक्षण द्यावं. नक्की काय चुकलं? रंग? मांडणी? की लोकांनाच आकड्यांचं वावडं आहे?

एक विश्लेषक

नमस्कार.

तुमचं पत्र वाचताना माझी नजर सारखी त्या कंसाकडे जात होती. चार्ट आणि फिल्टरबद्दल तुम्ही मन लावून लिहिलंय, आणि सुपरवायझर काही ओळी पिवळ्या करतात हे जाता जाता, तक्रारीच्या सुरात. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या पिवळ्या ओळींत आहे. ते गृहस्थ रोज सकाळी, कोणी सांगितलेलं नसताना, घाईच्या वेळी शेकडो ओळींतून मोजक्या ओळी वेचतात. म्हणजे त्यांना आकड्यांचं वावडं मुळीच नाही. स्वतःपुरता डॅशबोर्ड त्यांनी केव्हाच बनवलाय आणि तो रोज वापरतातही.

कुठल्या ओळी पिवळ्या होतात? दोन दिवसांहून जुन्या? त्याच ग्राहकाकडून दुसऱ्यांदा आलेल्या? सुटा भाग न मिळाल्यामुळे अडकलेल्या? तुम्ही ते लिहिलेलं नाही, म्हणून मी असं धरून चालते की विचारायचं राहून गेलंय. राग मानू नका, हे फार मेहनती माणसांकडून होतं. आपल्यापुढे डेटाबेस असतो, त्यात रकाने असतात, आणि रकाने दिसले की त्यांचे चार्ट काढावेसे वाटतात. तंत्रज्ञनिहाय, विभागनिहाय, महिनानिहाय. समोरच्या माणसाला सकाळी साडेआठ वाजता नेमकं काय ठरवायचंय, हे कुठल्याच रकान्यात लिहिलेलं नसतं, म्हणून तेवढंच नेमकं सुटतं.

मी हे एका भांडारात शिकले. सुट्या भागांचा साठा दाखवणारा डॅशबोर्ड आम्ही केला होता: भागाचं नाव आणि पुढे शिल्लक नग. भांडार सांभाळणाऱ्या बाईंच्या शेजारी मी एक सकाळ खुर्ची टाकून बसले. त्यांनी आमची स्क्रीन उघडली, एका भागापुढचा ४८० हा आकडा वाचला आणि टेबलाच्या खणातून वही काढली. वहीत त्या भागाचा रोजचा खप लिहिलेला होता, ६०. कॅल्क्युलेटरवर भागाकार केला, ८ दिवस. मग वहीचं मागचं पान उघडलं. पुरवठादाराकडून माल यायला लागतात ११ दिवस. लगेच फोन उचलून त्यांनी मागणी नोंदवली. पुढच्या भागासाठी पुन्हा स्क्रीन, वही, भागाकार, वहीचं मागचं पान. दुपारपर्यंत हेच चाललं होतं. आम्ही सांगत होतो '४८० नग', त्यांना हवं होतं 'आज मागवला तरी तीन दिवस हा भाग भांडारात नसेल'. खप आणि माल यायला लागणारे दिवस, दोन्ही नोंदी आमच्या डेटाबेसमध्ये पडून होत्या. नंतर आम्ही एकच यादी केली: नवा माल येण्याआधी संपणारे भाग, सगळ्यात तातडीचा सगळ्यात वर. चार्ट एकही नाही. बाईंची वही खणातच राहू लागली.

तेव्हा तुमचं पहिलं काम हे, की लॅपटॉप मिटून सुपरवायझरांच्या शेजारी बसायचं. एक पूर्ण सकाळ, जमलं तर दोन, आणि त्यातली एक गर्दीच्या दिवसाची. 'डॅशबोर्डमध्ये तुम्हाला काय हवंय?' असं विचारू नका. त्यावर माणसं 'सगळं द्या, आम्ही बघून घेऊ' म्हणतात, किंवा तुमचं मन राखायला काहीतरी सांगतात. घडून गेलेलं विचारा. काल त्या तंत्रज्ञाला मधूनच दुसऱ्या कामावर का पाठवलंत? ते ठरवताना काय बघितलंत? कुठे सापडलं? सापडलं नाही तेव्हा कोणाला फोन केलात? फोनवर ते जे विचारतात ते शब्दशः लिहून घ्या, कारण तेच त्यांना आत्तापर्यंत कुठल्याही स्क्रीनवर मिळालेलं नाही. ओळ पिवळी झाल्यावर तिचं पुढे काय होतं तेही बघा. छापून कोणाच्या हातात जाते? घडी घालून खिशात फिरते? मजल्यावर फिरत काम करणाऱ्या माणसाला टेबलावरच्या मोठ्या स्क्रीनसाठी केलेली मांडणी कितीही देखणी असली तरी कामाची नाही. त्यांना मोबाइलवर किंवा कागदावर सरळ वाचता येणारी यादी लागेल.

आता विभागप्रमुखांचं 'सगळं एकाच ठिकाणी'. ही इच्छा मला समजते. चार जागी शोधाशोध करून ते कंटाळले असणार. पण एकाच जागी असणं आणि एकाच स्क्रीनवर असणं यांत फरक आहे. सुपरवायझरांना आजच्या आज काम हलवायचंय. विभागप्रमुखांना बहुधा महिनाअखेरीला माणसं वाढवायची का, कुठल्या यंत्राच्या तक्रारी वाढत चालल्यात, हे ठरवायचं असतं. त्यांच्याही वरच्यांना तर सहा महिन्यांतून दोनदा काहीतरी विचारायचं असतं. तीन माणसं, तीन वेगळ्या वेळा, तीन वेगळे निर्णय. या तिघांना एकच पान दिलंत की प्रत्येकाला त्यातला बराचसा भाग परका वाटतो, आणि आपला भाग शोधायचे कष्ट कोणी दुसऱ्यांदा घेत नाही. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ बेन श्नायडरमन यांनी १९९६ साली अशा मांडणीचा एक क्रम सांगितला होता तो अजून उपयोगी पडतो: आधी एकूण चित्र, मग हवा तेवढा भाग जवळून, आणि तपशील मागितल्यावर. विभागप्रमुखांचं पान एकूण चित्राशी थांबेल, तिथून खाली उतरत सुपरवायझरांच्या यादीपर्यंत वाट राहील. सुपरवायझरांचं पान मात्र थेट यादीवरच उघडलं पाहिजे. त्यांना रोज वरून खाली उतरायला लावू नका. आणि सर्वांत वरच्या मंडळींना डॅशबोर्ड लागतोच असं नाही. महिन्यातून एकदा, दोन चार्ट आणि तुमच्या हाताने लिहिलेल्या पाच ओळी अशी ईमेल त्यांना जास्त आवडेल असा माझा अनुभव आहे.

विभागप्रमुखांना सरळ 'नाही' म्हणायची गरज नाही. २७ चार्टची एक यादी करा आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहायला त्यांच्यासोबतच बसा: हा कोण बघणार, केव्हा बघणार, आणि आकडा बिघडलेला दिसला तर ती व्यक्ती काय करणार. तिसरा रकाना भरताना खरी चर्चा होते. 'माहिती असावी म्हणून' असं उत्तर आलं की तो चार्ट आतल्या पानावर जाऊ द्या, पुसू नका. काही जण सल्ला देतात की चार्ट गुपचूप काढून टाकावा आणि कोणी ओरडतं का बघावं. मला हे पटत नाही. तिमाहीतून एकदाच लागणारा चार्ट आज कोणाला आठवणार नाही, आणि ज्या दिवशी लागेल त्या दिवशी तो नसेल, तर माणसाचा तुमच्या सगळ्याच कामावरचा विश्वास जातो. जे हलवाल ते सांगून हलवा.

यापुढचा मुद्दा मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा थांबून लिहिते. तुमच्या २७ चार्टमध्ये 'बंद झालेल्या तक्रारी' हा चार्ट असणारच. बंद झाली म्हणजे कोणी काय केलं? तंत्रज्ञाने मोबाइलवर बटण दाबलं? सुपरवायझरांनी खात्री केली? की ग्राहकाचं यंत्र खरंच चालू झालं?

२८ मार्च १९७९च्या पहाटे अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज प्रकल्पात दाब कमी करणारी एक झडप उघडली आणि परत बंद होण्याऐवजी उघडीच अडकली. नियंत्रण कक्षातल्या पॅनेलवर त्या झडपेचा एक दिवा होता. तो विझला, म्हणून कर्मचाऱ्यांनी झडप बंद झाली असं धरलं. पण तो दिवा झडपेची स्थिती सांगतच नव्हता. झडपेकडे 'बंद हो' असा आदेश गेला की तो विझायचा. आदेश गेला होता, झडप मिटली नव्हती. दोन तासांहून जास्त वेळ तिथून थंड करणारं पाणी निघून जात राहिलं आणि अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला. त्यात भर म्हणजे त्या गोंधळात शंभराहून जास्त धोक्याच्या सूचना एकदमच सुरू झाल्या होत्या, त्यामुळे कुठली आधी बघायची हे कळायला मार्ग नव्हता. पॅनेल बनवणाऱ्यांनी खोटं काही दाखवलं नव्हतं. जे मोजायला सोपं ते दाखवलं होतं, आणि वाचणाऱ्याने त्याचा अर्थ जो लावायचा तोच लावला.

तुमच्या कामात गाभा वितळणार नाही, हे मला माहीत आहे. पण 'बंद' या शब्दाशी तुमचा डॅशबोर्ड नेमकं हेच करत असेल, तर सुपरवायझरांना ते कळलेलं असणार. तंत्रज्ञाने बंद केलेली तक्रार तिसऱ्या दिवशी नव्या क्रमांकाने परत येते हे त्यांनी रोज पाहिलंय. तुमच्या स्क्रीनवर ती दोन वेगवेगळ्या तक्रारी म्हणून दिसते, त्यातली एक तर यशस्वी. त्या पिवळ्या ओळी अशाच परत आलेल्या तक्रारींच्या निघाल्या तर मला नवल वाटणार नाही. म्हणून प्रत्येक आकड्याची व्याख्या साध्या भाषेत, एका वाक्यात, त्याच्या शेजारीच द्या: 'तंत्रज्ञाने बंद नोंदवलेल्या आणि सात दिवसांत पुन्हा न आलेल्या तक्रारी'. दिवस सात की दहा, हे तुम्ही एकट्याने ठरवू नका. व्याख्येवर सुपरवायझर आणि विभागप्रमुख यांचं एकमत होत नसेल, तर ते मतभेद आधी मिटवावे लागतील. चार्टने ते मिटत नाहीत, फक्त झाकले जातात.

याला जोडूनच एक सावधगिरी. तंत्रज्ञांची क्रमवारी लावणारा चार्ट, म्हणजे कोणी किती तक्रारी बंद केल्या तो, भिंतीवरच्या स्क्रीनवर लावायची कल्पना कोणीतरी काढेलच. त्याला विरोध करा. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली पैशाच्या धोरणाबद्दल लिहिताना दाखवून दिलं होतं, की एखाद्या मापावर नियंत्रणासाठी भार टाकला की ते माप पूर्वीसारखं विश्वासाचं राहत नाही. तुमच्याकडे त्याचा अर्थ असा, की अवघड तक्रारी कोणी हातात घेणार नाही आणि सोप्या तक्रारींचे दोन-दोन तुकडे करून त्या बंद केल्या जातील. मग तुमचा डेटाच नासेल, आणि तो दुरुस्त करायला कुठलंही टूल पुरणार नाही.

सरासरीकडेही एकदा संशयाने बघा. नऊ तक्रारी एकेका दिवसात सुटल्या आणि दहावी २१ दिवस लोंबकळली, तर सरासरी येते ३ दिवस. गंमत बघा, तीन दिवस लागलेली तक्रार त्यात एकही नाही. नऊ ग्राहकांना तो आकडा उगाच वाईट वाटेल आणि दहाव्याला तो अपमान वाटेल. मध्यक द्या, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, इथे १ दिवस, आणि त्याच्या शेजारी सर्वांत जास्त रखडलेल्या तक्रारींची यादी द्या. सुपरवायझरांना हालचाल करता येते ती त्या दहाव्या तक्रारीवर.

तसंच त्या लाल-हिरव्या बाणांचं. बहुतेक डॅशबोर्डवर असतात, तुमच्याकडेही असतील. गेल्या आठवड्यात २०६ तक्रारी, या आठवड्यात २१४, लगेच लाल बाण आणि 'जवळजवळ ४ टक्के वाढ'. पण तुमचे नेहमीचे आठवडे १८० ते २४० यांच्या दरम्यान हेलकावत असतील, तर २१४ मध्ये काहीच घडलेलं नाही. प्रत्येक सोमवारी बैठकीत कोणीतरी त्या बाणाचं कारण शोधून काढतं, आणि कारण शोधलं की सापडतंच. चार-पाच आठवडे असं झालं की माणसं बाणाकडे बघायचं सोडतात, मग खरोखर काही बिघडतं तेव्हाही. १९२४ साली वेस्टर्न इलेक्ट्रिक या टेलिफोनची उपकरणं बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीत काम करणाऱ्या वॉल्टर शूहार्ट यांनी एका छोट्या टिपणात यावर जो उपाय मांडला तो आजही कारखान्यांत वापरतात. आकड्यांची रेषा काढायची, मधोमध सरासरी, आणि त्याच आकड्यांवरून काढलेल्या वरच्या-खालच्या मर्यादा, साधारणपणे सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांवर (प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप). रेषा मर्यादेत हेलकावत असेल तर तो त्या कामाचा स्वभाव आहे. ती बाहेर गेली तरच कारण शोधायला उठायचं. बाण काढून तिथे गेल्या वीस-पंचवीस आठवड्यांची अशी एक रेषा ठेवलीत, तर सोमवारच्या बैठकीचा बराच वेळ वाचेल.

रंग आणि मांडणीबद्दल तुम्ही विचारलंय, त्यावर थोडक्यात. संख्याशास्त्रज्ञ विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ साली प्रयोगांच्या आधारे मांडलं, की डोळ्याला एकाच मोजपट्टीवरची जागा सगळ्यात अचूक वाचता येते, नंतर लांबी, आणि कोन, क्षेत्रफळ, रंगाची छटा यांत आपण जास्त फसतो. म्हणून तुलना करायची असेल तिथे साधे बार किंवा रेषा वापरा, गोल चकत्या आणि गाडीच्या काट्यासारखे मीटर काढून टाका. लाल-हिरवा फरक न दिसणारी माणसं, त्यातही पुरुष, प्रत्येक मोठ्या विभागात असू शकतात, तेव्हा रंगासोबत शब्द किंवा चिन्ह द्या. १४ फिल्टर ठेवायला हरकत नाही, पण पान उघडल्या क्षणी, एकही फिल्टर न हलवता, त्या माणसाला त्याची आजची, त्याच्या शिफ्टची यादी दिसली पाहिजे.

दोन बारीक गोष्टी, ज्यांच्यावाचून बाकी सगळं वाया जातं. आकडे शेवटचे कधी ताजे झाले ती वेळ ठळक लिहा. आणि डेटा आलाच नाही तिथे शून्य दाखवू नका. रात्री जोडणी तुटली आणि सकाळी 'नव्या तक्रारी: ०' असं दिसलं, की सुपरवायझर निर्धास्त होतात, आणि दुपारी खरं कळल्यावर परत एक्सेलकडे जातात, कायमचे. 'माहिती आलेली नाही' असं स्पष्ट लिहिलेलं पान त्यांना चालेल.

एक्सेलशी भांडू नका. यादी डाउनलोड करायचं बटण द्या, तेही सहज दिसेल असं. ते कोण, कुठल्या पानावरून दाबतं ते मात्र लक्षात ठेवा. तिथे त्यांना पुढे काहीतरी हिशेब करायचा असतो, आणि तो कुठला हे विचारण्यासारखं आहे.

नवी मांडणी थेट टूलमध्ये बांधायला घेऊ नका. आधी कागदावर पेनाने काढा, आणि त्यात गेल्या आठवड्याचे खरे आकडे, खरे तक्रार क्रमांक लिहा. हा आग्रह मी मुद्दाम धरते. नमुन्यादाखल खोटे आकडे असले की माणसं रंगाबद्दल आणि अक्षरांच्या आकाराबद्दल बोलतात. खरे आकडे असले की ती कामाबद्दल बोलू लागतात. 'अहो, ही तक्रार इथे कशी? हिचा भाग परवाच आलाय.' या एका वाक्यातून तुम्हाला कळतं, की भाग आल्याची नोंद तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही. कागद असल्यामुळे त्यांना तुमची मेहनत मोडतेय असंही वाटत नाही, तेच पेन घेऊन खोडाखोड करतात. अशी खोडाखोड दोन-तीनदा झाली की मग टूल उघडा. ते जे आहे तेच चालेल. मित्राचा सल्ला चांगल्या मनाने दिलेला असेल, पण टूल बदललं तर २७ चार्ट नव्या टूलमध्ये नव्याने कोणी बघणार नाही.

सक्तीच्या प्रशिक्षणाचा विचार तूर्त बाजूला ठेवा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सक्ती केलीत तर दोन आठवडे डॅशबोर्ड उघडला जाईल आणि तुमच्याकडे वापराचा छान आलेखही येईल, पण त्यावरून काहीच कळणार नाही. उघडला गेला की नाही यापेक्षा, त्यावरून काम हललं का ते बघा. महिनाभर सुपरवायझरांना दिवसाअखेरीस एकच विचारा: आज यादी बघून काही वेगळं केलंत का? 'हो' आलं तर काय ते लिहून ठेवा. 'नाही' आलं तर का ते लिहून ठेवा. विभागप्रमुखांना दाखवायला याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही.

तुमचे चार महिने वाया गेलेले नाहीत. डेटा गोळा झालाय, जोडण्या लागल्यात, स्वच्छ झालाय, आणि हे सगळ्यात किचकट काम असतं. उद्या सकाळी एक्सेल फाइल पाठवताना तिच्यासोबत स्वतःही जा. एक आठवडाभर त्या पिवळ्या ओळींची प्रत जपून ठेवा, रोजची, आणि प्रत्येक ओळीपुढे त्यांच्या शब्दांत कारण लिहा. मग मला परत लिहा. त्या ओळी पिवळ्या का होतात, हे मलाही जाणून घ्यायचंय.